आठ किलो सरपण

तिसऱ्या तोलालाही काटा आठ किलोवरच थांबला.

चैत्राने मोळी खाली ठेवली आणि नीलव्वाकडे पाहिलं. गावात तीस घरांना कमी धुराच्या पत्र्याच्या चुली वाटल्या होत्या. किती लाकूड वाचलं, म्हणजे किती धूर आभाळात जायचा राहिला, ते ठरवायला चैत्रा धारवाडहून आली होती. तीन दिवस मोजलेलंच सरपण जाळायचं आणि सकाळी उरलेलं तोलायचं, एवढाच नियम. इतरांची मोळी रोज दोन-तीन किलोंनी उतरे. नीलव्वाची काडीही हलली नव्हती.

जेवण मात्र रोज होतं. दुपारी मठातलं कीर्तन ऐकून म्हातारी परते, आत जाई आणि चैत्रापुढे ताट ठेवी. भात, आलं घातलेलं पातळ आंबट सारू, गव्हाची गोड हुग्गी. पाहुण्याने या घरातून उपाशी उठायचं नाही, हा तिचा हट्ट. स्वतः बसत नसे. सोमवारी उपास म्हणाली, नंतरचे दोन दिवस "माझं झालं."

"चूल न पेटवता भात शिजवते," शेजारची मल्लव्वा बोलली. "आमची नीलव्वा सिद्धपुरुषच झाली गं."

जमलेल्या बायका हसल्या. चैत्रा परसात गेली. तिथे जुन्या चुलीचे काळे पडलेले तीन दगड होते. त्यांवर भोपळ्याचा वेल चढला होता. तिने वेल बाजूला सारला आणि तिला हवा तो पुरावा सापडला.

"अज्जी, जुन्या चुलीवर रांधता ना?"

नीलव्वाने मान खाली घातली. "तुला दिसेल तसं लिही, बाळ."

एक खोटा आकडा गेला तर साऱ्या गावाची मोजणी रद्द होईल, चैत्राने बजावलं. चूल परत न्यावी लागेल.

"नेऊ नकोस," म्हातारी हळूच म्हणाली. "सुगीला लागेल मला."

"मग आत्ता कशावर रांधता?"

म्हातारीने पदर तोंडावर ओढला. चैत्राने सगळ्यांदेखत वहीत लिहिलं, 'जुनी चूल लपवली.' ड्रायव्हरने चूल जीपमध्ये टाकली. तिच्या पत्र्याला काजळीही धरली नव्हती.

निघताना ड्रायव्हर म्हणाला, मठात प्रसाद घेऊनच जाऊ. कीर्तन रंगलं होतं. पाहुण्याच्या पावलांनी देव येतो, असं बुवा आळवून आळवून गात होते. चैत्राचे डोळे मिटले, मन निवलं. मग पंगत बसली.

भात, आलं घातलेलं सारू, हुग्गी. पहिल्याच घासाला तिचा हात थांबला.

वाढणारे आजोबा वाकून पाहत होते. "नीलव्वाकडच्या पाहुण्या तुम्हीच ना? बरं झालं, इथंच बसलात. तीन दिवस तिने आपलं इथलं रोजचं ताट डब्यात भरून तुमच्यासाठी नेलं. आज तरी ती जेवेल."