आसाखालचा नंबर

हरेशभाऊंनी सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर टेंपोतून सायकल उतरवली आणि दशरथच्या हातातला पाना हातातच राहिला. हिरव्या रंगाचे पोपडे उडाले होते, तरी त्याने ती ओळखली. इंग्लंडची पोलादी रेसिंग सायकल. लोधिवलीच्या अण्णांची. पंचवीस वर्षांपूर्वी याच अण्णांनी, हरेशभाऊंच्या वडिलांनी, दशरथच्या बापाला चोर म्हणून अंगणात पट्ट्याने झोडपलं होतं.

"अण्णा गेले दिवाळीत," हरेशभाऊ म्हणाले. "ही अस्सल आहे का डुप्लिकेट, तेवढं सांग. कर्जत-खालापुरात तुझ्याइतकं कोणाला कळतं? तू म्हणशील ते मी मानीन."

"बघतो," दशरथ म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. हरेशभाऊ बोलत बोलत रस्त्यापलीकडे गेले.

बघायचं काय होतं त्यात? उचलली तर एका हातात आली. नळ्यांच्या जोडांवर कोरीव पोलादी पाकळ्या, त्यांच्या कडेने पितळेची बारीक रेघ. दशरथने ती उलटी केली आणि पॅडलच्या आसाखालची माती पुसली. पाच आकडे, ठोकून उमटवलेले. याच आकड्यांवर तो अंक शिकला होता. त्याचा बाप मंगळ्या अण्णांच्या पडवीत सायकल अशीच उलटी करून तेल द्यायचा आणि पोराचं बोट त्या नंबरावरून फिरवायचा. पोरापेक्षा जास्त जपली त्याने ती. बक्षीस काय मिळालं? पट्टा. त्या दिवसापासून मंगळ्या पळसदरीच्या वरच्या वाडीतून खाली बाजाराला उतरला नाही. काय चोरलं म्हणून मारलं, ते त्याने घरातही कधी सांगितलं नाही. आजही विचारलं की उठून जातो.

दशरथच्या डोक्यात सणक गेली. अण्णा तर सुटले होते. पण त्यांचा सगळा जीव या सायकलीत होता. मुंबई-पुणे शर्यतीत तिच्यावरून बोरघाट कसा चढलो, या गप्पा त्यांनी मरेपर्यंत मारल्या. त्या गप्पांची माती करणं आता दशरथच्या हातात होतं. त्याने कानस उचलली आणि नंबरावर चालवली. एकेक आकडा गेला. शेवटचा सात जरा चिवट निघाला. त्याच्यावर दशरथने दातओठ खाऊन जोर लावला. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

हरेशभाऊ परत आले.

"डुप्लिकेट हाय," दशरथ म्हणाला. "रंग खरवडून बघितला. अस्सल असती तर आसाखाली नंबर असता. हिला नाय. तुमच्या अण्णांनी जल्मभर भंगार मिरवलं."

हरेशभाऊ स्टुलावर बसलेच. दशरथ त्यांचं उतरलेलं तोंड मजेत बघत राहिला.

"म्हणजे अण्णा खरं बोलत होते," हरेशभाऊ हळूच म्हणाले. "तेव्हा आजारातून उठल्यावर त्यांना घाट चढवेना. म्हणाले, ही माझी सायकलच नव्हे. मंगळ्याने अस्सल विकली आणि डुप्लिकेट आणून ठेवली. त्यावरूनच तर मारलं काकांना. मी अण्णांशी जन्मभर भांडलो रं. म्हटलं, सायकल तीच आहे, म्हातारे तुम्ही झालात. मंगळ्याकाका असं करायचे नाहीत."

त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. तिच्यात शाल होती आणि नारळ होता.

"अस्सल निघाली असती, तर आज वाडीवर जाऊन काकांच्या पाया पडणार होतो. चार माणसांसमोर सांगणार होतो, आमचंच चुकलं म्हणून."

पिशवी घेऊन ते टेंपोकडे निघाले. दशरथच्या हातून कानस गळून पडली. तो धावत त्यांना आडवा गेला.

"भाऊ, थांबा! अस्सल हाय ती! मी खोटं बोललो. नंबर हाय तिला, पाच आकडी, शेवटी सात!"

हरेशभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना त्याची दया आली असावी.

"बरं," ते म्हणाले. "दाखव."