छातीशी धरलेल्या नळ्या

सकाळी रिम्माने नेहमीप्रमाणे नव्या प्रयोगशाळेच्या खिडकीवरचे हिमकण खरवडले, जिवाणू वाढवायच्या उष्णतापेटीचा काटा तीस अंशांवर असल्याची खात्री केली आणि चहा ठेवला. नदीपलीकडच्या जुन्या प्रयोगशाळेची वीज रात्री गेली होती. मिथेनॉलवर जगणाऱ्या तिच्या जिवाणूंच्या शेवटच्या नळ्या तिथेच होत्या.

तिथला म्हातारा शिपाई येगोरिच गोठलेली ओका नदी ओलांडून दारात उभा राहिला. त्याचे कान पांढरेफटक पडले होते.

“घे पोरी, तुझी पिल्लं! गारठू नयेत म्हणून वाटभर सदऱ्याच्या आत छातीशी धरली. म्हातारीलाही कधी एवढं जपलं नाही.”

नळ्या कोमट होत्या. हा वाण अंगाच्या उबेत मरतो. चुकून माणसाच्या शरीरात गेला तरी तिथे जगू नये, म्हणूनच तर तिने तो वर्षानुवर्षे शोधला होता.

“जगतील ना?”

“जगतील की, येगोरिच. बसा, चहा घ्या.”

तिने सगळ्या नळ्या पेटीत नीट मांडल्या आणि दार हलकेच लावले.