रविवारची सुट्टी

लोहाऱ्यात एकट्या राहणाऱ्या आईनं दिवाळीला बोलावलं, तेव्हा विरेशनं व्हिएन्नाहून ठोकून दिलं, "आई, इथं रविवारचीसुद्धा सुट्टी मिळत नाही गं."

पुढच्याच शनिवारी तो बायकोला घेऊन रेल्वेनं शेजारच्या देशाच्या राजधानीत, बुडापेस्टला गेला. लोहाऱ्याहून एसटीनं सोलापूर गाठायला लागतो, तेवढाच वेळ. नदीकाठचा फोटो स्टेटसला टाकताना त्यानं घरच्यांना वगळलं; मावसभाऊ सोमेश तेवढा नजरेतून सुटला.

रविवारी सकाळीच आईचा फोन आला. विरेशनं घाबरतच उचलला.

"सोमेशनं फोटो दाखवला रे! मिळाली व्हय सुट्टी? लई बरं झालं. तुला सुट्टी मिळावी म्हणून म्या सोमवार धरले होते. उद्या जेवते आता."