पडता पडता

वीस मीटर उंच माडावरून नारळ सुटला, तर जमिनीवर यायला किती वेळ? अकरावीच्या फिजिक्सचं गणित. उत्तर दोन सेकंद. माझं पेन थांबलं. मी तान्ही असताना बाबा केळव्याच्या वाडीत एवढ्याच उंच माडावरून पडले. पडता पडता ओरडले, "शैला, माझी काळजी करू नको, पोरीला शिकव, जेवढी शिकेल तेवढी शिकव!" ऐकायला फक्त आई होती. दहावीनंतर माझं लग्न ठरवायला निघालेल्या आजोबांना मेलेल्या लेकाचा शब्द मोडवेना, म्हणून मी पालघरच्या कॉलेजात गेले. मोबाइलवर सेकंद मोजत ते वाक्य भरभर म्हटलं. दोन सेकंदांत 'पोरीला'च्या पुढे गेले नाही. वाडीत नारळ धपकन पडला. शेजारी सुपारी सोलणाऱ्या आईचे हात नेहमीसारखे थिजले. "किती वेळ लागतो गो पडायला?" तिने वर न बघता विचारलं. "खूप," मी म्हटलं. "सगळं बोलून होईल एवढा."