रानधन्याचे वाटे

भर सकाळी सांबर दुकानात शिरलं. वाट चुकून नव्हे. उंबऱ्याशी थांबून त्याने डोकं तिरकं केलं, शिंगं चौकटीतून नीट आत घेतली आणि खाटकाच्या ओंडक्यापाशी येऊन उभं राहिलं.

खाटीक बघतच राहिला. बर्फाने वाटा बंद झाल्यापासून मांस टांगायचे आकडे रिकामे लटकत होते. आतल्या खोलीत त्याची बायको तान्ह्या लेकीला छातीशी धरून बसली होती. तिचं दूध आटलं होतं, आणि पोरीला आता रडायचंही त्राण उरलं नव्हतं.

सांबराने गुडघे टेकले आणि मान ओंडक्यावर ठेवली.

"अहो, बघत काय बसलात?" बायको दाराशी येऊन हळूच म्हणाली.

त्याने सत्तूर उचलला. हात सरावाचा, एका घावात काम झालं. पण घाव बसला त्या क्षणी ओंडक्यावर सांबर नव्हतं. माणसासारखी मान होती, पानासारखा लांब टोकदार कान होता, आणि कपाळातून तीच शिंगं फुटली होती. पापणी लवली, आणि पुन्हा सांबरच.

त्याने सत्तूर खाली ठेवला. सांबरापाशी खाली बसला. बायकोला काहीच दिसलं नव्हतं. ती पातेलं आणायला वळली होती.

तेवढ्यात तशाच टोकदार कानांची एक लांबकानी म्हातारी दारात आली. रानात खायला उरलं नाही म्हणून तिची माणसं डोंगर उतरून आली होती आणि वेशीबाहेर गोणपाटं पांघरून पडली होती. गावाने त्यांना पाणी दिलं होतं, आत घेतलं नव्हतं. म्हातारीने सांबराचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती त्याच्या कानात आपल्या भाषेत काही पुटपुटली. मग तिने खाटकाला सांगितलं, हा आमचा रानधनी, रानाचा आणि शिकारीचा देव. शिकाऱ्याला सावज हाच दाखवतो. दाखवायला सावजच उरलं नाही की स्वतः येतो.

खाटीक म्हणाला, "माझ्या हातून देव मेला, आजी."

"तुझ्या हातून नाही रे. तुझ्या हाती आला. ऊठ, थंड पडायच्या आत वाटे कर."

तो उठला. कातडं सोलायला लागला. एव्हाना गाव दारात जमलं होतं. लांबकानेही वेशीतून आत आले. त्यांना अडवायचं कुणाला सुचलं नाही. गावाची एक रांग लागली, त्यांची दुसरी.

काळीज निघालं तसं खाटकाने ते बायकोसाठी बाजूला काढलं. आणि त्याची नजर म्हातारीच्या मांडीवर गेली. सांबराचे डोळे सताड उघडे होते. त्याला ते बघवेनात. पापण्या मिटायला त्याने हात पुढे केला.

म्हातारीने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे उघडे. त्याला वाटे बघायचेत."

आतून हे ऐकून बायको पोरीला शालीत गुंडाळून बाहेर आली. त्याने काळीज तिच्यापुढे धरलं. तिने सांबराच्या उघड्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ते घेतलं नाही. गावाच्या रांगेजवळून चालत ती पुढे गेली आणि लांबकान्यांच्या रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.