ड्वेनच्या खांद्याचा भाव

"अरे, जोर लाव की! चेंडू टाकतोयस का पोस्टात पत्र?" एल्डन ग्लव्हवर मूठ आपटत ओरडला.

"तू गुमान झेल, म्हाताऱ्या. बाकीचं मी बघतो," ड्वेन हसला.

नेब्रास्कातल्या त्या रिकाम्या धान्यकोठारात हीटर नुसता घरघरत होता, ऊब म्हणून नव्हती. जाळीमागे मार्सी हॅलक वेग मोजायचं यंत्र धरून उभी होती. एका मोठ्या क्लबाने तिला पाठवलं होतं. ड्वेनचा करार संपलेला; आता कुठल्याही क्लबाने घ्यावं असा तो मोकळा. सामना निसटायला लागला की शेवटी येऊन तो वाचवणारा हा बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडूफेक्या, चाळिशीला टेकला होता. त्याच्यात अजून किती दम उरलाय ते बघायला मार्सी आली, हे एल्डनने न विचारताच ताडलं.

आणि उत्तर त्याला आधीच ठाऊक होतं. खांदा संपला होता. चेंडू हातातून सुटला की ड्वेनचे ओठ क्षणभर आवळले जायचे. जाळीमागून ते दिसत नाही. समोर बसून झेलणाऱ्या कॅचरला दिसतं.

दर हिवाळ्यात ड्वेन गावी यायचा. दोघं इथे सराव करायचे, मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात खिमा-राजम्याची गरम चिली आणि दालचिनीचा रोल, शिवाय एकमेकांची यथेच्छ टिंगल. फेब्रुवारी उजाडला की ड्वेन क्लबाच्या शिबिराला निघून जायचा. मग एल्डनच्या स्वयंपाकघरात रेडिओशिवाय कुणी बोलायचं नाही.

यंदा कुणी घेतलंच नाही तर? ड्वेन इथेच राहील. कायमचा. त्यासाठी एल्डनला काही करायचंही नव्हतं. चेंडू जरा ढिले झेलायचे, म्हणजे आवाज फुसका येऊन फेकच मेलेली वाटेल, बस.

ड्वेनने हात मागे नेला. एल्डनने दात आवळले आणि चेंडू ग्लव्हच्या अगदी पोटात घेतला. फटाक! कोठार दणाणलं. पुढचा चेंडू बाहेर भरकटला. एल्डनने मनगट हलकेच वळवून तो असा आत आणला, की जणू तो तिथेच पडणार होता. मग पुन्हा फटाक. मार्सीची मान वर झाली.

ड्वेन ट्रक गरम करायला बाहेर गेला, तशी ती जवळ आली.

"रोज तुम्ही झेलता त्याला. खरं सांगा, किती उरलंय?"

"वेग गेलाय, ते तुमचं यंत्र सांगतंच आहे. पण गेल्या वर्षी त्याने दिलेल्या धावा बघून भाव पाडू नका. मागे फिल्डर कसले, धोंडे उभे होते! सोपे चेंडू सोडले त्यांनी. त्याचा चेंडू अजून बॅटपाशी ऐन वेळी खाली बुडतो. आजही फटका जमिनीतच जातो."

"आणि खांदा?"

एल्डनने ग्लव्ह काखेत मारला. "ठणठणीत."

मार्सीने यंत्र बंद केलं. "तो गेला तर तुम्ही इथे काय करणार?"

"मी? माझं काय घेऊन बसलात, बाई! रेडिओ आहे की मला."

ती हसली नाही. फोन घेऊन दाराशी गेली, दोन वाक्यं बोलली आणि परत आली. घेणार त्याला, एल्डनला वाटलं. बरं वाटलं आणि रिकामं स्वयंपाकघरही डोळ्यांपुढे आलं.

मार्सीने हात पुढे केला. "फेब्रुवारीत शिबिराला या. आमच्या पिचरांना सराव द्यायला कॅचर हवाय. मेलेल्या चेंडूतून असा आवाज काढणारे हात मी आजवर पाहिले नव्हते."

"मी?" एल्डन बघतच राहिला. "अहो, आणि ड्वेन?"

"खेळणं सोडल्याचं त्याने आम्हाला ऑक्टोबरातच कळवलंय; मघाचे प्रश्न नुसतं निमित्त. आज मी आले ती त्याच्याच सांगण्यावरून, तुम्हाला झेलताना बघायला."