तीन हिस्से लाल

संघदीप पहाटेच येऊन स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर बसला होता. आठ वर्षांपूर्वी याच वावरात कापसावर फवारणी करताना त्याला चक्कर आली आणि तो गेला. कुठं गेला असं कोणी विचारलं नाही, कारण तिरडी सगळ्यांनी पाहिली होती. घर बौद्ध. भुताखेतांवर कोणाचा विश्वास नाही. संघदीपचाही नव्हता. तरी तो यायचा.

त्याची बायको कोकिळा कातर घेऊन वाकली. आजची पेटी तिसरी आणि शेवटची. नागपूरच्या फळवाल्या मोईनभाईनं फोनवर सांगून टाकलं होतं, की माल दुकानात दोन दिवस टिकला तर अख्खा हंगाम माझा, नाही तर खुदा हाफिज. पहिल्या दोन पेट्या आर्णीहून लालबुंद निघाल्या आणि नागपूरला सरबत होऊन पोचल्या. हीसुद्धा नासली तर दहा गुंठ्यांत पुन्हा कापूस, म्हणजे पुन्हा फवारणी. पाठीवर पंप घ्यायला आता घरात तीच उरली होती.

पेट्या नासल्या त्या संघदीपमुळं. तो लहानपणापासून कापूस वेचत आलेला, आणि कापसाचा कायदा एकच, बोंड पुरं फुटल्याशिवाय हात लावायचा नाही. मरूनही त्याचा नेम सुटला नव्हता. कोकिळानं दोन्ही वेळा त्याचं ऐकलं. मेलेल्या माणसाशी वाद घालणं तिला बरं वाटलं नाही. जिवंतपणी घातला तेवढा पुष्कळ होता.

आज मात्र तिनं देठाकडे पांढरं असलेलं फळ धरलं.

"कच्ची काहून तोडून राह्यली वं?"

"चारातले तीन हिस्से लाल झाली की तोडा लागते. पुरी लाल झाली का वाटेतच पाणी सोडते."

"मंग तोडल्यावर पिकत असन. आंब्यावानी."

"नाही पिकत." तिनं देठाला कातर लावली, पण दाबली नाही. "तोडल्यावर रंग तेवढा चढते. गोडी जिथली तिथंच राह्यते. कितीबी दिवस ठेवा."

संघदीपनं आपले हात उलटेपालटे करून पाहिले. मग गालावरून बोट फिरवलं. दाढी तेव्हा होती तेवढीच होती.

"मी किती वर्षाचा हावो?"

"चोवीस."

"अजून?"

"अजून."

"अन् तू?"

कोकिळानं पदर पुढं ओढला. तरी कानाजवळचे दोन पांढरे केस बाहेर राहिलेच.

"मले तीस भरले."

तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला, एसटीत बसलेला पोरगा उभ्या असलेल्या वडीलधाऱ्या माणसाकडे पाहतो तसा. मग तो उठला आणि वाफ्यावरच्या काळ्या प्लास्टिकच्या पन्नीवरची आपली जागा त्यानं हातानं झटकली.

"तोडा मंग, ताई," तो म्हणाला.

त्यानं तिच्यासाठी पान बाजूला धरलं. पान हललं नाही. कोकिळानं ते आपल्या हातानं सारलं आणि कातर दाबली.